इगतपुरीची जुनी घरे आणि उभ्या रेषा
मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली आणि १८६५ मध्ये लोहमार्ग थळ घाट चढून इगतपुरीस पोहोचला. त्या शतकातील अनेक तिपाईवरील कॅमेऱ्यांत भिंग वर सरकवता येई, त्यामुळे कॅमेरा न कलवता उंच छप्पर चौकटीत सामावे. मोबाइल वर कलवणाऱ्या आजच्या नवशिक्याच्या चित्रात मात्र भिंती वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकतात, ज्यास उभ्या रेषांचे अभिसरण म्हणतात, आणि त्यावरचा एक सोपा उपाय म्हणजे मागे सरून मोबाइल न कलवता सरळ धरणे. घाटमाथ्यावरील मुसळधार पावसासाठी बांधलेली उतरत्या छपरांची घरे समोरून सपाट भासतात. कोपऱ्यावरून दोन्ही बाजू टिपल्यास छपराचा उतार, वळचण आणि पडवीची खोली उलगडते, तर ढगाळ दिवसाच्या सौम्य उजेडात पडवीतील खांबही स्पष्ट उमटतात.