जन्मसाल, जात आणि एक्कावन्न सेकंद

ज्या स्पर्धेचा इतिहास मी इथे मांडणार आहे ती स्पर्धा खेळाडूला मुख्यतः एकच प्रश्न विचारते : तुझा जन्म कोणत्या साली झाला? स्पर्धेच्या वर्षी ३१ डिसेंबरला ज्याचे वय सोळा ते एकोणीस भरते, तो मुलगा किंवा ती मुलगी जागतिक ज्युनिअर मैदानी स्पर्धेला पात्र. वेळ गाठलेली असावी, देशाने निवडलेले असावे, एवढेच मग उरते. बाप काय करतो, आडनाव काय, घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे, यातले काही तिथल्या अर्जावर नसते. प्रश्न साधा आहे. पण आपल्या वस्त्यांत तो साधा राहत नाही. माझ्या स्वतःच्या बाबतीतही तो साधा नाही, म्हणून आधी तेवढे सांगतो.

शाळेच्या दाखल्यावर माझी जन्मतारीख १ जून १९९२ अशी आहे. आमच्या वस्तीत माझ्या बरोबरीची अकरा पोरे होती, त्यांतली नऊ १ जूनलाच जन्मली! शाळा जूनमध्ये उघडत, गुरुजी पोराच्या उंचीकडे बघत आणि मागे सहा वर्षे मोजून तारीख लिहीत. आई म्हणते, "ज्वारीची काढणी चालली होती, अन् भूकंपाला तू रांगत होतास." किल्लारीचा भूकंप झाला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे. म्हणजे माझा जन्म त्या सालच्या आरंभीचा. गुरुजींनी मला कागदावर वर्षभर थोरला केला. त्यांना दोष देण्याची माझी इच्छा नाही. सहा पुरी दाखवली नसती तर मला पहिलीत घेतले नसते, आणि घरी राहिलो असतो तर गुरांमागे गेलो असतो. घराण्यातला पहिला पदवीधर मी त्या खोट्या तारखेच्या जोरावर झालो. आज तालुक्याच्या महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आणि इतिहासाच्या माणसाला स्वतःची जन्मतारीख कागदोपत्री सिद्ध करता येत नाही.

आता स्पर्धेकडे वळू. युरोपात ज्युनिअर खेळाडूंची स्वतंत्र अजिंक्यपद स्पर्धा १९७० पासून होत होती. साऱ्या जगासाठी ती पहिल्यांदा भरली ग्रीसमध्ये, अथेन्सला, १६ ते २० जुलै १९८६ या दिवसांत. क्यूबाचा हाविएर सोतोमायोर त्या वेळी अठरा वर्षांचा होता. त्याने २.२५ मीटर उंच उडी मारून तिथे सुवर्णपदक घेतले. पुढे १९९३ मध्ये त्याने ओलांडलेली २.४५ मीटरची उंची आजवर कोणाला ओलांडता आलेली नाही. केनियाच्या पीटर चुंबाने ५,००० आणि १०,००० अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. त्यानंतर दर दोन वर्षांनी हा मेळा भरू लागला : कॅनडात सडबरी, बल्गेरियात प्लोवदिव, मग सोल, लिस्बन, सिडनी. सोलला १९९२ मध्ये इथिओपियाच्या हाइले गेब्रसेलासीने चुंबासारख्याच दोन्ही लांब पल्ल्याच्या शर्यती मारल्या. स्पर्धेच्या नावातला 'ज्युनिअर' हा शब्द २०१६ पासून जाऊन 'वीस वर्षांखालील' असे नाव आले. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच नाव आहे.

पहिल्या तीन स्पर्धांत एक देश नव्हता : दक्षिण आफ्रिका. वर्णद्वेषी राजवटीमुळे जागतिक मैदानी महासंघाने तिला १९७६ मध्ये काढून टाकले होते, ते १९९२ मध्ये परत घेतले. या बहिष्काराने तिथल्या काळ्या धावपटूंचीही उमेदीची वर्षे गेली, हे खरे आहे. अठराव्या वर्षाचे पाय अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत कोणी राखून ठेवू शकत नाही. तरीही जगाच्या मैदानाने एका विषमतेला नाव घेऊन दार बंद केले, ही घटना मला मोठी वाटते. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी संघटना काढली तेव्हा अमेरिकेतल्या काळ्यांच्या पँथरचे नाव घेतले होते. तेव्हापासून वर्ण आणि जात यांची तुलना आपल्या लिखाणात होत आली आहे. एक फरक मात्र नजरेआड होतो. तिथली विषमता कायद्याच्या पुस्तकात लिहिलेली होती, त्यामुळे तिच्यावर बोट ठेवता आले. आपल्या कायद्यात अस्पृश्यता हा गुन्हा आहे. मग क्रीडा महासंघाने कशावर बोट ठेवायचे? आपली जात पुस्तकात नाही, ती विचारण्याच्या रीतीत आहे : "आडनाव काय म्हणालात?"

२००२ ची स्पर्धा जमैकात किंग्स्टनला झाली. घरच्या गर्दीसमोर पंधरा वर्षांचा उसेन बोल्ट २०० मीटर धावणार होता. भीतीने आपण बूट उलट्या पायांत घातले होते, असे त्याने नंतर सांगितले आहे. शर्यत त्याने २०.६१ सेकंदांत जिंकली. बोल्टची गोष्ट सगळे सांगतात. त्यामागची कोणी सांगत नाही. जमैकात शाळाशाळांमधली मैदानी स्पर्धा १९१० पासून चालू आहे, आणि ती बघायला सारा देश लोटतो. ज्या पोराला शाळेत धावपट्टी, शिक्षक आणि टाळ्या मिळतात ते पोर पंधराव्या वर्षी जगापुढे उभे राहते. आमच्या तालुक्यात अजून मुरमाच्या मैदानावर फक्कीने रेषा आखतात आणि दुपारच्या वाऱ्याने त्या उडून जातात.

त्याच किंग्स्टनमध्ये हरियाणाच्या सीमा अंतिलने थाळीफेकीत कांस्यपदक मिळवले. हे भारताचे या स्पर्धेतले हाती राहिलेले पहिले पदक. 'हाती राहिलेले' असे म्हणतो, कारण दोन वर्षे आधी, सतरा वर्षांची असताना, सांतियागोला तिने सुवर्ण जिंकले होते. पण सर्दीच्या औषधात असते ते स्यूडोएफेड्रिन तपासणीत सापडले आणि पदक परत गेले. पुढे २०१४ मध्ये युजीनला नवजीत कौर ढिल्लोंने थाळीफेकीतच कांस्य घेतले. युजीनची स्पर्धा चालू होती त्याच जुलैत ओडिशातल्या विणकराची मुलगी द्युती चंद हिला ग्लासगोच्या राष्ट्रकुल पथकातून वगळले गेले. तिच्या शरीरातले एक संप्रेरक नियमापेक्षा जास्त भरले म्हणून. आदल्याच वर्षी ती दोनेत्स्कला जागतिक युवा स्पर्धेत १०० मीटरच्या अंतिम फेरीत धावली होती. तिने हार मानली नाही, क्रीडा लवादाकडे दाद मागितली, आणि जुलै २०१५ मध्ये तो नियमच स्थगित झाला. एका खेड्यातल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने जागतिक महासंघाला त्याच्या नियमाचा आधार विचारला, हे माझ्या मते पदकाहून कमी नाही.

२०१६ ला पोलंडमध्ये बिद्गोश्चला नीरज चोप्राने ८६.४८ मीटर भाला फेकला, तो ज्युनिअरांचा जागतिक विक्रम. ऑलिंपिक पात्रतेच्या अंतरापेक्षा ती फेक कितीतरी पुढे होती. पण पात्रतेची मुदत ११ जुलैला संपली होती आणि फेक पडली २३ जुलैला. रिओला तो गेला नाही. तारखांचा हा निष्ठुरपणा या साऱ्या इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतो. महामारीमुळे २०२० ची स्पर्धा पुढे ढकलून नैरोबीला ऑगस्ट २०२१ मध्ये घेतली, तेव्हा २००१ साली जन्मलेली सारी मुले वयाबाहेर गेली. चूक कोणाचीच नव्हती.

आता टॅम्परे. फिनलंडमधले हे गाव. १२ जुलै २०१८, महिलांची ४०० मीटरची अंतिम शर्यत. आसामच्या नगाव जिल्ह्यातले कांधुलिमारी गाव, भातशेती करणारे घर, मुलांबरोबर फुटबॉल खेळलेली अठरा वर्षांची हिमा दास. शेवटच्या वळणापर्यंत ती मागेच होती. सरळ पट्ट्यात तिने एकेकीला गाठले आणि ५१.४६ सेकंदांत रेषा ओलांडली. दुसरी आलेली रुमानियाची आंद्रेआ मिक्लोश ५२.०७ वर होती. जागतिक पातळीवरच्या कोणत्याही मैदानी स्पर्धेत धावण्याच्या शर्यतीत भारतीयाने घेतलेले हे पहिले सुवर्ण होते.

त्या शर्यतीच्या मागेपुढे दोन गोष्टी घडल्या. उपांत्य फेरी जिंकल्यावर ती इंग्रजीत दोन शब्द बोलली. भारतीय ॲथलेटिक्स महासंघाने कौतुक करताना लिहिले की तिला इंग्रजी फारसे येत नाही, पण तिथेही तिने प्रयत्न केला. लोक संतापले, महासंघाने क्षमा मागितली. दुसरी गोष्ट अशी की सुवर्ण आल्यावर गूगलवर लोक तिची जात शोधू लागले. तिच्या नावापुढे जात हा शब्द शोधपेटी स्वतःहून सुचवू लागली. वर्तमानपत्रांनी त्याच्या बातम्या दिल्या. दोन वर्षांपूर्वी रिओच्या वेळी पी. व्ही. सिंधूच्या बाबतीत असेच झाले होते.

आमच्या स्टाफरूममध्येही तो प्रश्न आलाच. एक सहकारी पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "दास म्हणजे त्यांच्याकडे कोण हो?" मी त्यांना टोचून बोललो. आपण बरे बोललो असे वाटून घरी आलो. आणि रात्री दार लावून मोबाइलवर मीही तेच शोधले.

हे लिहिल्यावाचून हा लेख पुरा करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले. मी का शोधले? ती आपली असावी, असे मला वाटत होते. सहकाऱ्याला तिला एका कप्प्यात बसवायचे होते, मला तिच्या पदकात वाटा हवा होता. दोन्ही हेतू सारखे नाहीत, असे मी स्वतःला समजावले. काही अंशी ते खरेही आहे. ज्यांच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या हिणवणे आले त्यांनी अभिमानासाठी एखादे नाव शोधावे, यात मला पाप दिसत नाही. पळवणकर बाळूंचे नाव आपण असेच जपले. पण बाळूंचा झगडाच जातीशी होता. संघाचे कर्णधारपद त्यांना जातीमुळे नाकारले गेले, तिथे जात सांगितल्याशिवाय इतिहास कळत नाही. टॅम्परेला त्या मुलीने फक्त एक फेरी धाव घेतली होती. तिची जात कोणती ते मला त्या रात्री कळले की नाही, हे मी इथे लिहिणार नाही.

या शोधण्याची दुसरी बाजू ऑगस्ट २०२१ मध्ये दिसली. हॉकीपटू वंदना कटारिया ही २०१३ च्या ज्युनिअर विश्वचषकात कांस्य मिळवणाऱ्या भारतीय संघाची सर्वाधिक गोल करणारी खेळाडू. टोकियोला भारत उपांत्य सामना हरला आणि हरिद्वारजवळच्या तिच्या घरापुढे फटाके वाजले, जातीवरून शिवीगाळ झाली; संघात दलित फार झाले म्हणून हरलो असे ओरडले गेल्याचे घरच्यांनी सांगितले. पोलिसांत तक्रार झाली. पुढच्या पंधरवड्यात नैरोबीत शैली सिंगने लांब उडीत ६.५९ मीटरवर रौप्य घेतले. सुवर्ण एका सेंटिमीटरने हुकले. तिला शिवण कामावर वाढवणाऱ्या आईचे कौतुक देशभर झाले, ते योग्यच होते. एकाच महिन्यात देशाची ही दोन तोंडे मी पाहिली.

आता माझ्या वर्गातल्या एका मुलीविषयी. तिचे आईबाप ऊसतोडीला जातात. तिचा जन्म कारखान्याच्या तळावर कोपीत झाला. नोंद ना त्या गावात ना या गावात. शाळेने १ जून २००५ लिहिले. आधार काढताना केंद्रावरच्या माणसाने वय विचारून १ जानेवारी २००६ टाकले. मुरमावर ती ८०० मीटर अशी धावते की मुले मागे राहतात. २०२४ च्या उन्हाळ्यात वीस वर्षांखालील गटाची एक निवड चाचणी होती, तिला घेऊन मी गेलो. टेबलावरच्या माणसाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि परत दिले. "तारखा जुळत नाहीत." मी म्हणालो, दोन्ही तारखा धरल्या तरी ती वयात बसते. तो म्हणाला, "बसते हो सर, पण खरी कोणती?" त्याच्याशी वाद घालण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. वय चोरणारे खेळाडू आहेत, त्यांच्यापायी खरी लहान पोरे मागे पडतात, म्हणून तर हाडांचे फोटो काढून वय बघतात. नियम चुकीचा नव्हता. फक्त तो नियम पाळण्याजोगा कागद ज्या घरांत असतो, ती घरे आमची नाहीत.

त्या ऑगस्टमध्ये लिमाला आरतीने १०,००० मीटर चालण्याच्या शर्यतीत भारताला कांस्य मिळवून दिले. माझी विद्यार्थिनी तिथवर पोचली असती असा माझा दावा नाही. तिची वेळ आणि जगाची वेळ यांत पुष्कळ सेकंदांचे अंतर आहे, मी घड्याळ लावून पाहिले आहे. पण ते अंतर तिला धावून कळायला हवे होते.

येताना एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "सर, मी कधी जन्मले ते कुणाला विचारू?" तिची आजी म्हणते, पट्टा पडायला आठ दिवस होते. मी त्या कारखान्याला पत्र लिहून त्या काळातल्या गाळप हंगामांच्या शेवटच्या तारखा मागवल्या आहेत. अजून उत्तर आलेले नाही. ती सध्या पोलीस भरतीची तयारी करते. भरतीलाही ८०० मीटरच धावायचे असते. आधारवरची तारीख तिने बदलून घेतली. आता तिच्या दोन्ही कागदांवर १ जून आहे.