बॉयलरवाल्याची टिपणं

जीव लावायला माणूस शिकतो कुठं? कॉलेजात नाय. फार आधी. आणि एवढी गोष्ट डॉक्टरांच्या गळी उतरवायला एक बॉयलरवाला लागला.

जेम्स रॉबर्टसन. जन्म १९११, कामगाराच्या घरातला स्कॉटिश माणूस. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत असताना तो अ‍ॅना फ्रॉइडच्या बालगृहात बॉयलर सांभाळायला लागला. बाईंचा नियम होता, पोरांचं जे दिसेल ते प्रत्येकानं कार्डावर लिहायचं. बॉयलरवाल्यानंसुद्धा. (आपल्याकडं झाडूवाल्याच्या हाती कार्ड कुणी दिलं असतं?)

१९४८ ला तो जॉन बोल्बीकडं कामाला गेला. बोल्बी बड्या सर्जनचा मुलगा, दाईच्या हातचा. १९४४ मध्ये त्यानं ४४ चोर पोरांचा अभ्यास छापलेला. त्यातल्या १४ जणांची मायाच आटलेली, आणि त्या १४ पैकी १२ जण लहानपणी आईपासून दीर्घकाळ तुटलेले.

तेव्हा दवाखान्यात आईबापाला भेट म्हंजे आठवड्यातून तास-दोन तास. पोर आधी आकांत करी, मग मलूल पडे, मग गप्प. नर्सा म्हणत, रुळलं. रॉबर्टसनला दिसलं, त्यानं आशा सोडलीय. आयुष्यात पहिल्यांदा कॅमेरा हाती घेऊन त्यानं अडीच वर्षांच्या एका मुलीचे दवाखान्यातले ८ दिवस टिपले. १९५२ मध्ये डॉक्टरांच्या सभेत फिल्म दाखवली तर डॉक्टर त्याच्यावरच खवळले! १९५९ च्या सरकारी अहवालानं शेवटी आईबापासाठी दार उघडा म्हटलं.

मोठ्यांच्या प्रेमाकडं हा धागा उशिरा आला. १९८७ मध्ये हेझन आणि शेव्हर यांनी अमेरिकेतल्या एका पेपरात प्रश्नावली छापली, ६२० उत्तरं आली. निम्म्याहून जास्त लोक निर्धास्त प्रेम करणारे. बाकीचे कुणी जवळ आलं की मागं सरणारे, नायतर सोडून जाईल या धास्तीनं चिकटणारे.

पण याचा नवा कर्मविपाक करू नका. पुढच्या अभ्यासांत बालपणाचा आणि मोठेपणीच्या नात्याचा सांधा सैलच निघाला. बोल्बीचं नाव घेऊन कामावर जाणाऱ्या बायांना दोष देणारेही निघाले, ते वेगळंच.

रॉबर्टसन आणि बायको जॉइस यांनी १९६० च्या दशकात चार पोरं, आया दवाखान्यात असताना, स्वतःच्या घरी ठेवली. पोरं कावरीबावरी झाली, पण तगली. त्याच काळात दीड वर्षाचा एक मुलगा ९ दिवस पाळणाघरात होता. नर्सा चांगल्या, पण सारख्या बदलणाऱ्या. आई न्यायला आली, तर तो किंचाळत तिच्या हातातनं सुटायला बघत होता.