पेढी आणि तिचीं कुळें

जुन्या सावकारी दप्तरांत कर्जरोखे, वराती आणि तगाद्याचीं पत्रें मुबलक सांपडतात; परंतु अमुक कुळास रक्कम कां दिली आणि अमुक कुळास कां नाकारली, हें सांगणारा कागद क्वचितच हातीं लागतो. नाकारलेल्या कुळाचें खातें वहींत उघडतच नाहीं. शिवाय फेडलेला रोखा फाडून कुळास परत देण्याची चाल असल्यामुळें सावकाराच्या घरीं जे रोखे उरतात, ते बहुतांशीं न फिटलेल्या कर्जांचे असतात. अशा उरलेल्या कागदांवरून, आमचे सावकार मोठ्या नांवास भुलून पैसा देत आणि बुडत, असें अनुमान काढणें म्हणजे स्मशानांतील लांकडें मोजून गांवची वस्ती सांगण्यासारखें आहे.

‘कूळ’ या शब्दानें घराण्याचाहि बोध होतो आणि पेढीच्या ऋणकोचाहि. भाषेनें दोन्ही अर्थ एका शब्दांत ठेविले, तरी पेढीवरचा गुमास्ता त्यांची गल्लत करीत नसे. घराणें थोर असेल, पण त्याच्या पाठीशीं जामीन कोण आणि वसूल कोणत्या महालाचा, ही त्याची पहिली पृच्छा असे.

थोरल्या बाजीरावाचें खातें या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. दक्षिणेंत एवढ्या योग्यतेचें दुसरें कूळ त्या काळीं दाखवितां येणार नाहीं, आणि एवढें ओढगस्तीचेंहि नाहीं. ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांत सावकारांच्या पायां पडतां पडतां आपली काय दशा झाली, हें त्यानें विलक्षण कळवळून सांगितलें आहे. आणि गंमत अशी कीं, ज्यांस तें सांगितलें ते स्वामीहि त्याचे धनकोच होते. इ. स. १७४० च्या एप्रिलांत रावेरखेडी येथें बाजीराव वारला, तेव्हां हें कर्ज नानासाहेबाच्या शिरीं आलें. धनकोंपैकीं बारामतीकर बाबूजी नाईक जोशी हा घरचाच आप्त. त्याचा भाऊ आबाजी नाईक यास बाजीरावाची बहीण भिऊबाई दिलेली. त्यानें नेमक्या याच वेळीं तगादा लाविला, कारण रघूजी भोंसल्याच्या पाठिंब्यानें पेशवेपद आपणांस मिळावें, अशी त्याची खटपट चालली होती. वहींत खातें पैशाचें होतें, तगादा पेशवाईचा होता. शाहू महाराजांनीं जून महिन्यांत वस्त्रें नानासाहेबास दिलीं. पण सावकाराचें तोंड वस्त्रांनीं बंद झालें नाहीं, तें महादोबा पुरंदऱ्याच्या पतीनें झालें. पेशव्याचा शिक्का एकीकडे आणि पुरंदऱ्याचा शब्द दुसरीकडे, असें असतां बाजारांत शब्द वजनदार ठरला. आमच्या मतें पेशवाईच्या आर्थिक इतिहासांत या गोष्टीस जेवढें महत्त्व द्यावयास हवें होतें, तेवढें दिलें गेलें नाहीं.

रसदेच्या व्यवहारांतहि हेंच दिसतें. कमाविसदारानें महालाचा वसूल येण्यापूर्वी सरकारांत रसद भरावयाची, आणि ती पेढीवरून उचलावयाची. कर्ज पोहोंचे सरकारास, पण पेढीचें कूळ कमाविसदार. कारण पीक उभें असतां खळ्यापर्यंत हात पोहोंचे तो त्याचा.

याहून स्पष्ट दाखला बडोद्याचा आहे. तेथें गायकवाडांच्या वचनावर सावकार पैसा देईनासे झाले, तेव्हां शिबंदींतील अरब जमादार जामीन राहूं लागले. या जामिनकीस तेथें ‘बहांदरी’ म्हणत. राजा वचन मोडील, पण शहराच्या वेशी ज्यांच्या हातीं आहेत ते अरब मोडूं देणार नाहींत, असा हा हिशेब. इ. स. १८०२ मध्यें रावजी आपाजी दिवाण असतां कंपनीच्या फौजेनें अरबांस घालवून दिलें. त्यांचा थकलेला पगार चुकविण्यास पैसा हवा होता. हरिभक्ति, सामळ बेचर प्रभृति पेढ्यांनीं तो दिला, पण कंपनीची बहांदरी घेऊन. कूळ तेंच राहिलें, जामीन तेवढा बदलला. येथवर पेढ्यांची पारख अचूक म्हटली पाहिजे. पुढचा प्रकार मात्र विचार करण्यासारखा आहे. दुसरे सयाजीराव इ. स. १८१९ त गादीवर आले, आणि सावकार व राजा यांच्यामध्यें रेसिडेंट कायमचा येऊन बसला. इ. स. १८२८ त मालकमनें बहांदरीच्या कर्जासाठीं गायकवाडीचे महाल जप्त केले. अखेर इ. स. १८३२ त लॉर्ड क्लेअरच्या वेळीं सयाजीरावांनीं सावकारांशीं परस्पर तडजोड केली, तेव्हां ही गुंतागुंत बरीच सुटली. पैसा सुरक्षित राहिला, पण तीस वर्षेंपर्यंत आपल्याच धन्याविरुद्ध परक्याच्या दारीं उभें राहण्याची पाळी या पेढ्यांवर आली. हा खर्च खतावणींत कोणत्याहि सदराखालीं पडत नाहीं.

हैदराबादेस पामर आणि कंपनीनें हीच युक्ति केली, आणि ती अंगलट आली. पेढीचा मुख्य विल्यम पामर हा पुण्यास इ. स. १७९८ ते १८०१ पर्यंत रेसिडेंट असलेल्या जनरल पामरचा मुलगा. युरोपियनांनीं देशी राजांस कर्ज देऊं नये, असा इ. स. १७९७ चा कायदा होता, इ. स. १८१६ त गव्हर्नर-जनरलानें या पेढीस त्यांतून सूट दिली. भागीदार सर विल्यम रम्बोल्ड याची बायको लॉर्ड हेस्टिंग्जच्या घरीं वाढलेली. म्हणजे कूळ निजाम, आणि अलिखित जामीन खुद्द लाटसाहेब! इ. स. १८२० च्या साठ लाखांच्या कर्जांत पुष्कळ रक्कम नव्यानें मोजलेली नव्हतीच, हें मेटकाफनें रेसिडेंट होतांच हुडकून काढिलें. हेस्टिंग्ज इ. स. १८२३ त स्वदेशीं परतला. उत्तर सरकार प्रांताबद्दल निजामास मिळणाऱ्या पेशकशीच्या मोबदल्यांत सरकारानें एकरकमी पैसा देऊन पेढीचें देणें वारलें आणि तिचा दरबाराशीं संबंध तोडिला. इ. स. १८२४ त ती बुडाली. बडोद्याची बहांदरी कागदावर होती. पामरची सारी मर्जीवर.

संग्राहकांस आमची एक विनंति आहे. रोख्यावर सरदाराचें नांव दिसलें कीं तो जपून ठेवावा आणि त्याच रुमालांतील खतावण्या, रोजकीर्दी रद्दींत घालाव्या, असा प्रकार आम्ही अनेक घरीं पाहिला आहे. रोख्याच्या शेवटची जामिनांचीं नांवें आणि पाठीवरचा वसूल हीं आधीं उतरून घ्यावीं, व रुमाल फोडूं नये. रोख्यांतील जामिनाचें स्वतःचें खातें त्याच रुमालांतील खतावणींत असण्याचा संभव असतो.