खात्री नसेल तर 'एन' म्हणा

लिनक्सचं कर्नल स्वतः बिल्ड करायला बसलात आणि 'मेक मेनूकॉन्फिग' मारलंत की एक निळा पडदा येतो. त्याच्या तळाशी एक मेनू असतो, 'कर्नल हॅकिंग'. बहुतेक लोक तिथपर्यंत पोचतच नाहीत. जे पोचतात त्यांना एकेका पर्यायाखाली मदतीचा मजकूर वाचून शेवटी एकच ओळ पुन्हापुन्हा भेटते: खात्री नसेल तर 'एन' म्हणा. म्हणजे आमच्या घरी औषधांच्या कपाटावर आजीने लावलेल्या चिठ्ठीसारखंच, 'विचारल्याशिवाय हात लावू नये'.

पण मंडळी, हा मेनू म्हणजे माझ्या मते लिनक्सचा खरा इतिहास आहे. फाइल सिस्टिम, नेटवर्क, ड्रायव्हर हे सगळं काय काय जमलं त्याची यादी. आणि हा मेनू म्हणजे काय काय फसलं त्याची. इथला बहुतेक पर्याय कुणाच्या तरी वाया गेलेल्या रात्रींमधून आलेला आहे. आज त्यातल्या काही रात्रींबद्दल.

सुरुवातीला मेनू वगैरे काही नव्हताच. १९९१ साली लिनस टॉरवाल्ड्सने ०.०१ आवृत्ती बाहेर काढली तेव्हा कॉन्फिगरेशन म्हणजे एक हेडर फाइल होती, ती एडिटरमध्ये उघडायची आणि हाताने बदलायची. त्यात हार्ड डिस्कचे चक्क दोन पर्याय होते, एक 'लिनस'ची आणि दुसरी 'लासू'ची! तुमची तिसरीच असेल तर तुम्ही आणि तुमचं नशीब. पुढे 'मेक कॉन्फिग' आलं, ते एकामागून एक प्रश्न विचारायचं (आणि एक उत्तर चुकलं तर पहिल्यापासून सुरुवात). मग मेनू आला. २००० च्या सुमारास एरिक रेमंडने ही सगळी यंत्रणा पायथनमध्ये नव्याने लिहायला घेतली, तिचं नाव सीएमएल-२. कर्नल बिल्ड करायला पायथन लागणार म्हणून लोकांनी जो काही गदारोळ केला तो विचारू नका. शेवटी ते बारगळलं आणि ऑक्टोबर २००२ मध्ये रोमन झिपेलचं साधंसुधं 'केकॉन्फिग' आत गेलं. तेच आजही चालतंय. असो.

खरी भांडणं मेनू कसा दिसावा यावर नव्हती. मेनूत काय असावं यावर होती.

तुम्ही-आम्ही रोज डिबगर वापरतो. ब्रेकपॉइंट लावा, थांबा, व्हेरिएबल बघा, पुढे जा. कर्नलला हे करणं अवघड, कारण डिबगर ज्याच्या जिवावर चालतो तेच थांबवायचंय! त्यावर उपाय म्हणजे केजीडीबी. दोन मशीन घ्यायची, मध्ये सीरियल केबल टाकायची. एकावर आजारी कर्नल आणि दुसऱ्यावर जीडीबी घेऊन बसलेले डॉक्टर. कल्पना सुंदर, कोड तयार, पण लिनसने तो मुख्य कर्नलमध्ये घ्यायला साफ नकार दिला. सप्टेंबर २००० मधलं त्याचं पत्र प्रसिद्ध आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मला डिबगर आवडत नाहीत. डिबगर हाताशी असला की माणूस लक्षण बघतो, तिथेच मलम लावतो आणि निघून जातो. नसला की त्याला कोड वाचावा लागतो, विचार करावा लागतो. आणि ज्यांना हे जमणार नाही ते गळले तरी चालतील. वर स्वतःला शिवीही घालून घेतलीन, म्हणजे दुसऱ्या कुणी घालायला नको.

आता यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. एफ-१० दाबत दाबत दुपार घालवणारे महाभाग आपण सगळ्यांनीच पाहिलेत. पण मला हा युक्तिवाद कधीच पूर्ण पटला नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्या माणसाला कधीकधी चिप काय उत्तर देतेय तेच कळत नसतं, आणि ते सोर्स कोड कितीही वाचला तरी त्यात सापडत नाही. ते बाहेरच्या तुकड्यात आहे.

लिनसने नाही म्हटल्यावर केजीडीबी आठ वर्षं बाहेर पॅच म्हणून जगत राहिलं. कर्नलची प्रत्येक नवी आवृत्ती आली की पॅच मोडायचा, कुणीतरी तो पुन्हा बसवायचा. हे कुणीतरी म्हणजे कोण? इथे पुणेकरांनी कान टवकारावेत. आजच्या कर्नलमध्ये 'डिबग_कोर' नावाची फाइल उघडून बघा. वरच्या कॉपीराइटच्या ओळींमध्ये पहिलं नाव आहे व्हेरिटास सॉफ्टवेअर, २०००-२००१. मग टाइमसिस. मग अमित एस. काळे, २००३-२००४. आणि त्यानंतर दोन नावं सोडून लिनसिससॉफ्ट टेक्नॉलॉजीज, २००४-२००६. अमित काळे हे बरीच वर्षं या पॅचचे मेंटेनर होते आणि लिनसिससॉफ्ट ही पुण्यातली कंपनी. 'आउटसोर्सिंग', 'बॉडी शॉपिंग' यांच्या चर्चा जोरात असताना, जगभरचे कर्नल डेव्हलपर जो डिबगर लिनसच्या नाकावर टिच्चून वापरत होते त्याची देखभाल आपल्या गावात चालली होती. याचा कुठे फारसा गाजावाजा झाला नाही. (पुण्यात एखादी गोष्ट गाजावाजा न करता होते हेच आश्चर्य म्हणा :)

पुढे विंड रिव्हरच्या जेसन वेसलने सूत्रं घेतली, इंगो मोलनारने कोड छाटून सडपातळ केला आणि जुलै २००८ मध्ये आलेल्या २.६.२६ मध्ये केजीडीबी अखेर अधिकृतपणे आत आलं. लिनसने मत बदललं का? मला नाही वाटत. कोड लहान झाला, इतर कुणाच्या पायात येईनासा झाला आणि विरोध करण्यासारखं फार काही उरलं नाही, इतकंच.

दरम्यान डिबगरशिवाय जगायची सवय झालेल्या लोकांनी वेगळाच मार्ग काढला होता, आणि इथे लिनसला थोडे गुण द्यावेच लागतील. मशीन थांबवून आत डोकावण्याऐवजी, कर्नलनेच स्वतःवर पहारा ठेवावा, असा तो मार्ग. साधं उदाहरण स्लॅब डिबगिंगचं. मेमरी परत केली की हा पर्याय त्या जागेत 'सहा-बी' हा बाइट ओळीने भरून ठेवतो. नंतर कर्नल कोसळलं आणि ऊप्सच्या आकड्यांत '६बी६बी६बी६बी' दिसलं की कळावं, कुणीतरी सोडून दिलेल्या घरात पुन्हा शिरलंय. एवढी स्वस्त युक्ती, पण तिने किती लोकांचे शनिवार-रविवार वाचवले असतील!

त्याहून भारी म्हणजे लॉकडेप. इंगो मोलनार आणि अर्जन व्हॅन डी व्हेन यांचं हे काम २००६ मध्ये २.६.१८ मधून आलं. डेडलॉकची पंचाईत तुम्हाला माहीत आहे: एकाने आधी 'अ' कुलूप घेतलं आणि 'ब'ची वाट बघतोय, दुसऱ्याने आधी 'ब' घेतलं आणि 'अ'ची वाट बघतोय. बोळात दोन रिक्षा समोरासमोर, दोघंही मागे जायला तयार नाहीत. पण ही वेळ नेमकी जुळून यायला हवी. टेस्टिंगमध्ये वर्षभर जुळत नाही आणि गिऱ्हाइकाकडे पहिल्याच सोमवारी जुळते. लॉकडेप रिक्षा अडकायची वाट बघतच नाही. सकाळी एक रिक्षा 'अ'कडून 'ब'कडे गेली हे त्याने टिपून ठेवलेलं असतं. संध्याकाळी, रस्ता पूर्ण मोकळा असताना, दुसरी 'ब'कडून 'अ'कडे गेली की ते लगेच बोंब मारतं: आज वाचलात, एक दिवस अडकाल. तेही एकेका कुलपासाठी नव्हे, कुलपांच्या जातीसाठी. त्यामुळे हजारो इनोडची हजारो कुलपं असली तरी नियम एकदाच शिकावा लागतो. आणखी एक गंमत म्हणजे पहिली बोंब मारून झाली की ते स्वतःला बंद करून घेतं. म्हणून टेस्ट मशीनवर पहिली तक्रार दुरुस्त केल्याशिवाय दुसरी दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, एवढं चांगलं आहे तर सगळंच चालू का ठेवत नाहीत? एक कारण सरळ आहे, किंमत. प्रत्येक कुलपामागे हिशेब ठेवायचा तर मशीन रखडत चालणार. दुसरं कारण कळायला २००८ चा सप्टेंबर आठवावा लागतो.

२.६.२७ ची तयारी चालू होती. निरनिराळ्या डिस्ट्रोंच्या बीटा आवृत्त्या वापरणाऱ्यांकडून तक्रारी येऊ लागल्या की इंटेलची नेटवर्क कार्डं मरतायत. ई-१००० ई नावाचा ड्रायव्हर असलेली. मरतायत म्हणजे रीबूट केल्यावर ठीक होतील अशी नव्हे. कार्डावरच्या ज्या छोट्या फ्लॅश मेमरीत त्याचा पत्ता आणि सेटिंग असतात तीच खराब होत होती. जुनं कर्नल टाकलं तरी कार्ड उठत नव्हतं. बीटा सॉफ्टवेअर टाकून डेटा गमावणं समजू शकतो, पण हार्डवेअर? डिस्ट्रोंनी घाईघाईने तो ड्रायव्हरच बंद केला. संशय आधी ड्रायव्हरवर, मग ग्राफिक्सवर. आणि तपास तरी कसा करणार? प्रत्येक यशस्वी प्रयोगाला एक कार्ड बळी जाणार!

गुन्हेगार निघाला एफट्रेस. म्हणजे डिबगिंगचाच एक पर्याय, ज्याचा नेटवर्कशी काडीचाही संबंध नव्हता. स्टीव्हन रोस्टेटचं हे काम २.६.२७ मध्येच नव्याने आलं होतं. प्रत्येक फंक्शनच्या तोंडाशी कंपायलर एक छोटा कॉल घालून ठेवतो, आणि 'डायनॅमिक' पर्याय चालू असेल तर कर्नल चालू असतानाच तो कॉल पुसून तिथे 'काही करू नका' अशी सूचना लिहितं, म्हणजे वेग कमी होत नाही. त्या वेळची पद्धत अशी होती की फंक्शन पहिल्यांदा चाललं की त्याचा पत्ता वहीत टिपायचा आणि थोड्या वेळाने येऊन ती जागा बदलायची. मधल्या काळात ते फंक्शनच नाहीसं झालं तर? मॉड्यूल सुरू होताना एकदाच लागणारा कोड नंतर फेकून दिला जातो, आणि तोच पत्ता दुसऱ्या कशाला तरी मिळतो. ही शक्यता लेखकाने धरली होती बरं का. म्हणून बदल थेट न करता 'जुना मजकूर अपेक्षेप्रमाणे असेल तरच बदल' अशी प्रोसेसरची खास सूचना वापरली होती. साध्या रॅमवर हे अगदी सुरक्षित.

फक्त इथे तो पत्ता रॅमचा राहिला नव्हता. तो ई-१००० ई ड्रायव्हरने मॅप केलेल्या फ्लॅशचा झाला होता. आणि एक्स-८६ प्रोसेसर ही सूचना राबवताना तुलना जुळली नाही तरीही लिहितो, जुनीच किंमत परत लिहितो. रॅमला त्याने काही फरक पडत नाही. फ्लॅशसाठी मात्र प्रत्येक लिहिणं म्हणजे एक आज्ञा. कार्ड खलास!

यात मला कुणाचा गाढवपणा दिसत नाही, आणि त्यामुळेच ही गोष्ट जास्त भीतीदायक वाटते. सावधगिरी घेतली होती, ती नेहमीच्या जगासाठी पुरेशी होती. ९ ऑक्टोबरला २.६.२७ बाहेर पडलं ते ड्रायव्हरने फ्लॅशला कुलूप लावूनच. १५ ऑक्टोबरच्या २.६.२७.१ मध्ये डायनॅमिक एफट्रेस बंद करून टाकलं. आणि २.६.२८ मध्ये रोस्टेटने पद्धतच बदलली: पत्ते चालू कर्नलमध्ये टिपायचेच नाहीत, बिल्ड करतानाच यादी बनवायची. आज एफट्रेस जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोच्या कर्नलमध्ये चालू असतं आणि कुणाचं कार्ड मरत नाही.

त्यानंतरची मजल लांबची आहे. २०१५ मध्ये ४.० बरोबर केसॅन आलं, आंद्रे र्याबिनिनचं. ते दर आठ बाइटमागे एक बाइट पहाऱ्यासाठी ठेवतं, म्हणजे एक अष्टमांश मेमरी तिथेच गेली, आणि वेगाला सुमारे तिपटीचा फटका. पण त्याच्या जोडीला गूगलमधल्या दिमित्री व्ह्यूकोव्हचं सिझकॉलर आलं, जे कर्नलवर अर्धवट वेड्यासारखे सिस्टिम कॉल फेकत राहतं. एक दगड मारतो, दुसरा कुठे काच तडकली ते सांगतो. या जोडगोळीने हजारो बग बाहेर काढले, त्यातले काही तर वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून होते. पहारा नसता तर त्यातले कित्येक दगड नुसतेच आरपार गेले असते आणि मशीन हसतमुखाने चालत राहिलं असतं.

आणि २०२१ मध्ये ५.१२ मधून केफेन्स आलं. त्याने वेगळाच सौदा केला: सगळ्यांवर पहारा नको, साधारण दर १०० मिलिसेकंदाला एखादंच मेमरीचं वाटप उचला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सुरुंग पेरा. एकाच वेळी जास्तीत जास्त २५५ वस्तू, मेमरीचा खर्च दोनेक एमबी. एका मशीनवर काही सापडायला महिने लागतील, पण हजारो सर्व्हरवर चालू ठेवलंत तर रोज काहीतरी गळाला लागेल. हा पर्याय गिऱ्हाइकाच्या मशीनवर चालू ठेवण्यासाठीच बनवलाय.

माझं म्हणाल तर ड्रायव्हर तपासायच्या मशीनवर लॉकडेप आणि केसॅन दोन्ही 'वाय', वेग गेला खड्ड्यात. वेग मोजायचा असेल तर त्यासाठी दुसरं बिल्ड ठेवतो, त्यात हे सगळं 'एन'. दोन्ही कॉन्फिग फाइली गिटमध्ये.

कर्नल मेल्यावर त्याचं शवविच्छेदन करणाऱ्या केडम्पबद्दल आज लिहिलंच नाही. २००५ साली ते आत आलं, आणि त्यात बंगळूरच्या आयबीएमवाल्यांचा मोठा हात आहे. पुढच्या वीकांताला त्याच्यावर लिहीन म्हणतो.