पिवळे कार्ड आणि दारिद्र्यरेषा : कळमनुरी, १९९९

१ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि कळमनुरी तालुका त्यात गेला. योगायोग असा, की त्याच दिवसापासून राज्यात पिवळी, केशरी व पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका लागू झाल्या. पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा होती १५,००० रुपये.

आता हिशेब पाहा. पाच माणसांच्या घरात ही मर्यादा दरमहा माणशी २५० रुपये पडते. नियोजन आयोगाची १९९९-२००० ची ग्रामीण दारिद्र्यरेषा मात्र दरमहा माणशी सुमारे ३२८ रुपये होती. एक मोजमाप उत्पन्नाचे, दुसरे खर्चाचे, हे खरेच. तरीही समजा, कळमनुरीच्या एखाद्या पाच जणांच्या शेतमजूर कुटुंबाची वर्षाची कमाई १७,००० रुपये होती आणि ती सगळी खर्चून जात होती. ते कुटुंब सर्वेक्षणात गरीब ठरले असते, रेशन दुकानात मात्र केशरी!

ही रेषा मुळात पोटावरून आखलेली. पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये २,२५० उष्मांकांचा आधार घेतला; १९७९ च्या सरकारी कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० धरले. पुढे फक्त महागाईनुसार रुपये वाढत गेले.

रेषेखाली किती माणसे, हे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण सांगे. जुलै १९९९ मध्ये त्याची ५५ वी फेरी सुरू झाली आणि प्रश्नावली बदलली. एरवी गेल्या ३० दिवसांत काय खाल्ले, एवढेच विचारत. या वेळी त्याच घराला ७ दिवसांचा हिशेबही शेजारच्याच रकान्यात विचारला गेला. सात दिवसांचे माणसाला नीट आठवते, म्हणून आकडा मोठा येतो. त्याच्याशी जुळवून घेताना महिन्याचा आकडाही फुगला, असा अभ्यासकांचा आक्षेप होता. देशातील गरिबी १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून एकदम २६.१ वर आली. अँगस डीटन यांनी आकडे दुरुस्त करून पाहिले, तेव्हा घट खरी निघाली, पण एवढी नव्हे.

नमुना राज्यापुरता पुरेसा असतो. कळमनुरीचा वेगळा आकडा त्यातून निघतच नाही. तरी तो वाद गावात पोहोचलाच. २००२ च्या बीपीएल सर्वेक्षणात घरोघर १३ निकषांवर गुण दिले गेले. यादीत किती कुटुंबे बसवायची, ती संख्या मात्र नियोजन आयोगाच्या १९९९-२००० च्या अंदाजांशी जोडलेली होती.