थांबा आहे, गाडी थांबत नाही

मुंबईत थांब्यावर हात दाखवणाऱ्यांसमोरून बस निघून गेली की शिव्या बसतात त्या ड्रायव्हरला. ‘मस्ती चढलीय’ हे ठरलेलं निदान. पण १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली, तेव्हापासूनचा इतिहास पाहिला तर यात स्वभावापेक्षा काम कसं मोजलं जातं याचा वाटा मोठा दिसतो.

जुन्या व्यवस्थेत बस चालवायचा ड्रायव्हर, पण थांबवायचा आणि सोडायचा कंडक्टर. दोरी एकदा ओढली की गाडी थांबायची, ‘टण टण’ झालं की सुटायची. मागच्या दाराला किती जण लोंबकळताहेत हे त्यालाच दिसे. १९४७च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने बस चालवणारी ‘बेस्ट’ कंपनी ताब्यात घेतली, तेव्हापासून दोघेही महापालिकेच्या बेस्टचेच नोकर. थांबा चुकला तर जाब विचारणारा साहेबही एकच. २०१८-१९च्या सुमारास भाडेतत्त्वावरच्या गाड्या आल्या आणि ही जोडी फुटली. त्या गाड्यांवर ड्रायव्हर कंत्राटदाराचा झाला, कंडक्टर सुरुवातीला बेस्टचाच राहिला. कंत्राटदाराला पैसे मिळतात धावलेल्या किलोमीटरचे, तिकिटाची रक्कम जाते बेस्टकडे. थांब्यावरची दहा माणसं घेतली काय नि सोडली काय, त्याच्या बिलात फरक पडत नाही. फेरी बुडाली तर मात्र पडतो.

कायम नोकरीतले ड्रायव्हर तरी कुठे सगळे थांबे घेत होते, असं कोणी विचारेल. नव्हते घेत, हे खरंच. उशीर झालेल्या गाडीला प्रत्येक थांब्यावर जास्त गर्दी भेटते, चढउतारीत ती आणखी रखडते, आणि त्याच नंबरची मागची रिकामी गाडी तिला येऊन चिकटते. अशा वेळी दोन थांबे गाळणं हा वेळ भरून काढायचा सोपा मार्ग, आणि तो तेव्हाही वापरला जाई. मात्र तेव्हा गाळलेल्या प्रवाशाचं भाडं ड्रायव्हरच्याच मालकाचं, म्हणजे बेस्टचं बुडत होतं, म्हणून त्या मालकाला त्याची फिकीर असायला कारण होतं.

मग ड्रायव्हरची कमाईच तिकिटांवर ठेवावी का? कोलकात्याच्या खासगी बसवर तिकिटामागे कमिशन असतं. तिथे एकाच मार्गावरच्या गाड्या प्रवासी पळवायला शर्यत लावतात. तो धडा मुंबईने घ्यायची गरज नाही. पण गाडी कुठे थांबली आणि कुठे नुसती पुढे गेली, हे जीपीएसवरून कळू शकतं. किलोमीटर मोजून बिल काढणाऱ्यांना त्यात घेतलेले थांबेही मोजता येतील.