कारभाराची शाळा

माझ्या बहिणीची मुलगी यंदा बारावी झाली. निकाल लागल्यानंतर एके संध्याकाळी ती हातात एका विद्यापीठाचे गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन घरी आली. त्यात तीन अभ्यासक्रमांची नावे होती : जागतिक अभ्यास, सार्वजनिक धोरण आणि नागरी नेतृत्व. ती म्हणाली, "मामू, डॉक्टर होणारा डॉक्टरकी शिकतो, वकील होणारा वकिली. हे शिकून मी नेमकी कोण होणार?"

श्रोतेहो, मी साधा बी. ए. झालेला माणूस. कविता करतो आणि पोटासाठी नगरपालिकेत कारकुनी करतो. तिला लगेच उत्तर देता आले नाही. पण वाटले, ही नावे नवी असली तरी कारभार शिकवणारी शाळा काही नवी नाही. आपल्याच देशात तिला सव्वादोनशे वर्षे होऊन गेली.

१८०० साली गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीने कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज काढले. विलायतेहून कोवळ्या वयाची पोरे कंपनीच्या नोकरीत येत. त्यांना या देशाच्या भाषा, कायदे आणि इतिहास शिकवायचा, म्हणजे ती नीट राज्य करतील, असा हेतू. कॉलेज प्रत्यक्षात जुलैत स्थापन झाले, पण त्याच्या कायद्यावर तारीख घातली ४ मे १८००. आदल्या वर्षी त्याच दिवशी श्रीरंगपट्टण पडले होते आणि टिपू सुलतान मारला गेला होता. ही शाळा कोणासाठी आहे, हे त्या तारखेनेच सांगून टाकले होते.

पण याच शाळेचे एक ऋण माझ्यासारख्या मराठी कवीवर आहे. तिथे विल्यम कॅरी मराठी शिकवीत. वैजनाथ पंडितांच्या मदतीने त्यांनी १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली शब्दकोश. आमच्या भाषेची ही सुरुवातीची छापील पुस्तके निघाली ती गोऱ्या अंमलदारांना आमच्यावर राज्य करता यावे म्हणून! राज्य करायचे तर रयतेची भाषा यावी लागते, एवढे त्या परक्यांनाही कळत होते.

कंपनीच्या संचालकांना कलकत्त्याचा खर्च जड वाटला. त्यांनी १८०६ मध्ये इंग्लंडमध्येच आपले कॉलेज उघडले. पुढे ते हेलबरीला गेले. लोकसंख्येच्या सिद्धांताने प्रसिद्ध झालेला माल्थस तिथे इतिहास आणि अर्थशास्त्र शिकवीत असे. आजचे 'सार्वजनिक धोरण' म्हणजे जवळजवळ हेच विषय. फरक एवढाच, की ज्यांच्यासाठी धोरण ठरायचे, त्यांच्यापैकी एकही जण त्या वर्गात नव्हता.

हा वर्ग उलटा फिरवला तो पुण्यात, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी. १२ जून १९०५ रोजी त्यांनी सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी, म्हणजे भारत सेवक समाज स्थापन केला. इंग्रजांच्या कायदेमंडळात अंदाजपत्रकावर आकडे घेऊन बोलणारा हा माणूस. देशाची सेवा करायची तर नुसता उत्साह पुरत नाही, अभ्यास लागतो, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून समाजाच्या सभासदाला पाच वर्षांची उमेदवारी असे. त्यात वाचनही होते आणि देशभर हिंडणेही. गांधीजी १९१५ मध्ये आफ्रिकेतून परतले, तेव्हा त्यांनाही गोखल्यांनी सांगितले की वर्षभर देश पाहा, मग बोला. ज्या देशाविषयी बोलायचे तो आधी पायांनी शिकायचा, अशी ही शाळा. गोखल्यांच्या नावाने १९३० साली पुण्यात अर्थशास्त्राची संस्था उभी राहिली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. त्यांच्या काळात या संस्थेने खुद्द पुणे शहराची पाहणी केली. लोक कसे राहतात, काय कमावतात, हे घरोघर जाऊन मोजले.

तरीही एक प्रश्न उरत होता. सेवक तयार झाले; पण ज्यांची सेवा करायची, त्यांनी स्वतः कारभार कधी शिकायचा?

हा प्रश्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हाती घेतला. ते स्वतः १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकले. रुपयाचा प्रश्न, प्रांतांचा जमाखर्च, हे त्यांच्या प्रबंधांचे विषय. सत्तेची किल्ली आकड्यांतही असते, हे त्यांच्याइतके कोणाला कळणार? आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, १ जुलै १९५६ रोजी, त्यांनी मुंबईत 'ट्रेनिंग स्कूल फॉर एन्ट्रन्स टू पॉलिटिक्स' सुरू केले. राजकारणात पाऊल टाकण्यापूर्वी शिकावे, यासाठी शाळा! विद्यार्थी होते अवघे पंधरा. सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल शां. शं. रेगे तिचे काम पाहत. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले आणि १९५७ च्या मार्चमध्ये शाळाही बंद पडली. जेमतेम नऊ महिने चाललेली ही शाळा मला फोर्ट विल्यमपेक्षा मोठी वाटते.

का वाटते, ते माझ्या टेबलावरच्या एका अनुभवावरून सांगतो. ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ साली अमलात आली आणि नगरपालिकांत एकतृतीयांश जागा बायकांसाठी राखीव झाल्या. त्या काळात आमच्याकडे एक बाई निवडून आल्या. सभेला त्यांच्याबरोबर मालक येत, सहीची जागाही तेच दाखवीत. एके दिवशी बाई एकट्याच आल्या. अंदाजपत्रकाचे जाडजूड पुस्तक माझ्यापुढे ठेवून हळूच म्हणाल्या, "भाऊ, यात माझ्या वॉर्डातला नळ कुठे आहे?"

आम्ही दोन तास बसलो. जमा म्हणजे काय, खर्च कुठे, लेखाशीर्ष कशाला म्हणतात, मंजूर रक्कम आणि झालेला खर्च यांत फरक का पडतो, सारे पाहिले. नळ सापडला. त्याच्यासाठी गेल्या वर्षी ठेवलेली रक्कम खर्चच झाली नव्हती. पुढच्या सर्वसाधारण सभेत बाईंनी तेवढा एकच प्रश्न विचारला. सभागृह गप्प झाले. त्यानंतर बाई सभेला एकट्या येऊ लागल्या.

आमच्या घरात दखनी बोलतात, कचेरीत मराठी. पण अर्ज, दप्तर, वसूल, हुकूम हे शब्द दोन्हीकडे सारखेच. कारभार कधीच एका जातीच्या किंवा एका धर्माच्या शब्दांनी चाललेला नाही. आता मात्र कारभाराचे शिक्षण बहुतेक इंग्रजीत आणि भरपूर फी भरून मिळते. परक्या साहेबाला आमच्यावर राज्य करण्यासाठी मराठी शिकावी लागत होती. आमच्याच मुलांना सार्वजनिक धोरण शिकताना मराठीचा एक शब्दही लागू नये? आणि नगरसेविका होणाऱ्या बाईने हे कुठे शिकावे?

भाचीला मी नाही म्हटले नाही. म्हटले, बेटा, जरूर जा. जग शीक, धोरण शीक. पण सुट्टीत आमच्या नगरपालिकेत ये. अंदाजपत्रक मराठीत आहे. ते उघड आणि आपल्या गल्लीतला नळ शोध. तो सापडला, की तू कोण होणार ते मी सांगायची गरज उरणार नाही.

ती हसली आणि म्हणाली, "येते. पण मामू, आधी सांगा, लेखाशीर्ष म्हणजे काय?"

मी खुर्ची पुढे ओढली.